नजरझाक

"हे शिंगरू कुणाला विकलंस, तर घेणाऱ्याला एक गोष्ट आधी सांग," डॉ. कुंदा अष्टपुत्रे म्हणाल्या होत्या. "याला कुठे दुखलंखुपलं, तर हे माणसासमोर दाखवणार नाही. तो गुण आहे असं कुणी समजू नये. तूही समजू नकोस."

ईशानी जाचक तेव्हा हसली होती. "रडका घोडा कोण घेईल, ताई?"

चार वर्षं झाली त्या गोष्टीला. उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावरची जाचकांची पागा, हिवाळ्यातलं कोवळं ऊन, लांब पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ, आणि गवतावर लटपटत उभं राहिलेलं ते नुकतंच जन्मलेलं शिंगरू. जन्मल्यापासून त्याच्या तोंडातून आवाज म्हणून निघाला नव्हता, त्यामुळे नाव अबोली ठेवायचं ठरत होतं. ईशानीच्या मांडीवर तिची महिन्याची मुलगी होती, जुई. तीही फारशी रडत नसे. येणारा-जाणारा म्हणे, नशीब काढलंस बाई. ईशानी मात्र दिवसातून दहादा बाळाच्या नाकापाशी बोट धरून श्वास चालू आहे ना, ते बघे. पहिलटकरणीची धास्ती, दुसरं काय. अशा दिवसांत शिंगराच्या रडण्या-न रडण्याची काळजी कोण करणार? डॉक्टरांचं बोलणं ऐकलं न ऐकलं झालं.

त्या काळात घोड्याला बाप असे, पण तो कुणी पाहिलेला असेलच असं नव्हे. अबोलीचा बाप कधी जन्मलाच नव्हता. त्याचा बापही नाही आणि आजाही नाही. वर चढत चढत तेवीस पिढ्या गेलं, की मग निर्झर नावाचा एक खराखुरा, गवत खाणारा, लीद टाकणारा करडा घोडा लागे. मधले सगळे काचेच्या ताटलीत झाले आणि ताटलीतच संपले.

जाचकांचे घोडे ड्रेसाजचे. ड्रेसाज म्हणजे घोड्याचं शिस्तीतलं नाचणं. स्वाराने न बोलता, हात न हलवता, नुसत्या मांडीच्या दाबाने सांगायचं आणि घोड्याने जागच्या जागी दुडकी धरायची, तिरपं सरकायचं, स्वतःभोवती गिरकी घ्यायची. शर्यतीत घड्याळ असतं, इथे पंच असतात. रिंगणाभोवती बसून ते एकेका हालचालीला मार्क देतात. घोड्याने शेपूट झाडली, कान मागे पाडले, लगामाचं लोखंड चावलं की मार्क कापले. ती घोड्याची कुरकुर धरली जाते, आणि कुरकुरणारा घोडा म्हणजे स्वाराशी न जमलेला घोडा.

असा घोडा पैदा करायचा तर घोडीला नर कुठला द्यायचा, हा खरा प्रश्न. ईशानीच्या सासऱ्यांचं उभं आयुष्य त्यात गेलं. घोडी अकरा महिने गाभण, मग शिंगरू मोठं होणार, शिकणार, रिंगणात उतरणार. नर चुकला हे कळेपर्यंत आठ-दहा वर्षं हातची गेलेली. एका माणसाच्या हयातीत पाच-सहा पिढ्या पाहून होत, त्यातली शेवटची अर्धवटच. ईशानी इतिहासाची पदवीधर. सरदार घराण्यांच्या वंशावळी पाठ करायची सवय तिला इथे कामी आली. कुठल्या घराण्यात छाती रुंद, कुठल्यात खूर ठिसूळ, कुणाची खोड मुलात दिसत नाही पण नातवात हटकून उतरते, हे ती लग्नं जुळवणाऱ्या मावशीच्या थाटात सांगे. सासरे म्हणत, "आमच्या सत्यजितला घोड्यावर बसता येतं. सूनबाईला घोडं कळतं."

मग पुण्याहून कुंदाताई आल्या, आणि मावशीबाईंचं काम ताटलीत गेलं.

"म्हणजे शिंगराला शिंगरू होणार?" ईशानीने पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"शिंगरू व्हायची तरी वाट कशाला बघायची? गर्भ मोहरीच्या दाण्याएवढाही नसतो, तेव्हाच त्याच्यातली एक पेशी काढायची आणि तिला फसवायचं की बाई, तू बीज आहेस. ती फसते. दुसऱ्या गर्भातलीही फसते. दोन्ही बीजं एकत्र आली की तिसरा गर्भ. झाली एक पिढी. चार महिन्यांत. घोड्याला ना पाय फुटले, ना त्याने गवत पाहिलं, आणि आजोबा होऊन बसला."

"आणि त्यातला चांगला कोण, हे कसं ओळखायचं? ज्याला पायच नाहीत, तो चालेल कसा हे कोण सांगणार?"

"कौल," कुंदाताई म्हणाल्या.

देवाला लावतात तसा कौल, फक्त हा संगणकाचा. पन्नास वर्षांच्या स्पर्धांचं चित्रण, प्रत्येक घोड्याची जनुकं आणि प्रत्येक हालचालीला पंचांनी दिलेले मार्क, एवढं सगळं कुंदाताईंनी त्याला खाऊ घातलं होतं. कुठली जनुकं असली की मार्क वाढतात, हे तो शिकला. दर ताटली-पिढीत तो गर्भांना क्रम लावी, आणि वरच्या चार-पाचांतून शेवटची निवड ईशानी करी. तेवढी मावशीगिरी तिच्याकडे उरली होती. ती तिने मनापासून केली. तेविसाव्या पिढीचा गर्भ एका घोडीच्या पोटात ठेवला, आणि अबोली झाली.

अबोलीने काय केलं ते घोड्यांच्या जगात सगळ्यांना ठाऊक आहे. चौथ्या वर्षी, ज्या वयात घोडे नीट उजवी-डावी शिकत असतात, ती राज्यस्पर्धेत उतरली. तिच्यावर सत्यजित होता. घोडी चालत नव्हती, कुणीतरी मनात आणत होतं आणि ते घडत होतं. शेपूट शांत. कान पुढे. तोंड मिटलेलं. एका पंचबाईंनी शेऱ्यात लिहिलं, "इतका सुखी घोडा मी पाहिलेला नाही."

त्यानंतर महिन्याभराने अबोलीची पुढची पिढी कुठल्या बापाकडून घ्यायची, हा विषय घरात निघाला. कौलाने चोविसाव्या पिढीचा एक गर्भ सुचवला होता.

"त्यात विचार कसला करायचा?" सत्यजित म्हणाला. "कौल लागलाय. तू नुसती मान हलव."

"हलवते. सगळं नीट बघून हलवते."

"तू जुईचं दूधसुद्धा तीनदा वास घेऊन देतेस. तुझं बघून व्हायचं कधी?"

हे खोटं नव्हतं. जुई आता चार वर्षांची होती, आणि ईशानीची नजर तिच्यावरून हलत नसे. बाळ असताना तिच्या पाळण्यावर कॅमेराही होता. ती बोलायला लागल्यावर काढला, आता काय ते तोंडाने सांगेल म्हणून. जिन्यावर, जेवताना, झोपताना ईशानी विचारी, "जुई, बरं वाटतंय ना?" आणि जुई म्हणे, "मी मज्जेत." मुलगी तशी गुणाचीच होती. कुणी बोलत असलं की मान एका बाजूला कलती करून, डोळे मोठे करून ऐके. पाहुण्यांना त्याचं भारी कौतुक. सकाळी उठली की स्वतःची उशी स्वतः पालथी घालून ठेवी. एवढ्याशा पोरीला एवढी टापटीप, असं ईशानी माहेरी फोन करून सांगे.

त्या दिवशी दुपारी ती थालीपीठं लावत होती. अबोलीच्या शेजारच्या ठाणातली एक घोडी व्यायला झाली होती, म्हणून पागेतला कॅमेरा तिच्यावर लावलेला, आणि फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलेला. झाडलोट करताना कुणाचा तरी धक्का लागला असावा. पडद्यावर व्यायची घोडी दिसायच्या ऐवजी अबोली दिसत होती.

ईशानीने पाहिलं आणि तिचं थालीपीठ करपलं.

अबोली मान खाली टाकून उभी होती. पुढचा उजवा पाय तिने पुढे काढून ठेवला होता, नुसतं टोक टेकवून, वजन न देता. नाकपुड्या ओढलेल्या, ओठ घट्ट, डोळ्यांच्या वर खळगा पडलेला. घोड्याला दुखत असलं की असाच चेहरा होतो, हे सासऱ्यांनी तिला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं.

ती पिठाच्या हातानेच पागेत धावली. अबोलीने मान वर केली, कान पुढे आणले आणि चारही पायांवर छान चौरस उभी राहून ईशानीच्या हाताला लागलेलं पीठ चाटलं. ईशानीने पाय चाचपला. घोडीने तो उचलून हातात दिला, शहाण्यासारखा. चालवून पाहिली, तर फुलासारखी चालली.

ईशानी घरात आली. फोनवर पाहिलं. उजवा पाय पुढे, मान खाली.

तिने पुन्हा पागा गाठली. पुन्हा चौरस घोडी. तिसऱ्यांदा जाताना तिला भीती वाटण्याऐवजी चक्क कुतूहल वाटायला लागलं होतं. चौथ्यांदा ती गेली नाही. तिने कुंदाताईंना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाताई आल्या, सोबत घडीचे दोन पडदे, गॉगल, एक जुना ओव्हरकोट आणि स्टीलच्या डब्यात स्वतःची पोळीभाजी. सत्तरीला आलेल्या बाई, पण प्रयोग म्हटला की लहान मुलासारख्या. दोघींनी दिवसभर घोडीची परीक्षा घेतली. काठीवर ओव्हरकोट टांगून ठेवला: अबोलीने ढुंकून पाहिलं नाही, पाय पुढेच. माणूस आत गेला: पाय मागे, कान पुढे. माणूस गॉगल लावून गेला: जरा घुटमळली, पण पाय मागे. शेवटी कुंदाताई आत जाऊन घोडीकडे पाठ करून बादलीवर बसल्या आणि डब्यातली पोळीभाजी खाऊ लागल्या. थोड्या वेळाने त्यांच्यामागे अबोलीचा उजवा पाय हळूच पुढे सरकला.

"माणूस नाही, नजर," कुंदाताई बाहेर येऊन म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "आपण बघतोय असं वाटलं की झाकते. नजरझाक म्हणू या याला."

"पण का?"

"का काय? घोडा हे कुणाचं तरी जेवण आहे, ईशानी. कळपात लंगडतो तो वाघाला आधी दिसतो. त्यामुळे प्रत्येक घोडा वाघासमोर दुखणं थोडंफार झाकतोच. आणि समोरून दोन डोळे रोखून बघणारा प्राणी तो वाघ. आपण म्हणजे घोड्याच्या लेखी हरभरे देणारा वाघ."

"मग हे सगळ्याच घोड्यांत आहे."

"चिमूटभर. हिच्यात पोतंभर आहे. आणि ते भरलंय आपण." त्या पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर टेकल्या. "कौलाला मी काय शिकवलं? मार्क. मार्क कुणी दिले? पंचांनी. पंच घोडा कधी बघतात? समोर असतो तेव्हा. पन्नास वर्षांत एकाही घोड्याला, कुणी बघत नसताना तो कसा उभा होता, याचा मार्क मिळालेला नाही. आपल्याला वाटलं, शेपूट न झाडणारा घोडा म्हणजे सुखी घोडा. कौलाला सुखबिख काही माहीत नाही. त्याला एवढंच कळलं की नजरेसमोर शेपूट हलता कामा नये. ते त्याने तेवीस पिढ्या निवडलं."

"म्हणजे हिला दुखत नाही असं आपण केलं नाही."

"दुखणं आणि दुखतंय असं सांगणं, या दोन वेगळ्या तारा आहेत. दुखण्याची तार जशीच्या तशी आहे. सांगण्याची आपण कापली."

"तुम्हाला माहीत होतं. तुम्ही म्हणाला होतात."

"मला शंका होती. शंका आली तेव्हा काम थांबवायला हवं होतं, मी नुसतं तुला सांगून मोकळी झाले. आणि तू हसून मोकळी झालीस. जाऊ दे. एक्स-रे काढा आधी."

एक्स-रेत खुराच्या आतल्या हाडाला चीर दिसली. ताजी नव्हती. जनावरांच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात दोनदा फिरवून पाहिली आणि म्हणाले, तीन महिने तरी झाले असतील. राज्यस्पर्धा महिन्यापूर्वी झाली होती.

सत्यजितने ती फिल्म हातात घेतली. मग म्हणाला, "जागच्या जागी दुडकी. सगळं वजन त्याच पायावर. मी वर बसून हसत होतो, फोटोत आहे."

"तुला कसं कळणार? ती कळू देत नव्हती."

"माझ्या मांडीखाली होती, ईशानी."

अबोलीला सहा महिने विश्रांती ठरली. कुंदाताई दोन दिवस राहिल्या. त्यांना अजून काय काय पाहायचं होतं. त्या ईशानीबरोबर ओट्यापाशी उभ्या राहून फोनच्या पडद्यावर घोडी बघत असताना पागेचं दार ढकलून जुई आत गेलेली दिसली. ईशानी निघालीच होती, कुंदाताईंनी तिचा दंड धरला. "थांब. बघू या."

जुई सरळ अबोलीजवळ गेली. अबोलीने पाय मागे घेतला नाही. मान होती तशी खालीच राहिली. जुई तिच्यासमोर पेंढ्यात मांडी घालून बसली, आणि दोघी काही न करता तशाच राहिल्या.

"अगं बाई," कुंदाताई कुजबुजल्या. "ही नजर चालते तिला."

"लहान आहे म्हणून?"

"उंची असेल, वास असेल. मला माहीत नाही. किती मजा आहे बघ."

जुई परत आल्यावर कुंदाताईंनी तिला शेजारी बसवून घेतलं. "जुई, अबोलीचा पाय दुखतो, हे तुला माहीत होतं?"

"हो."

"मग आईबाबांना सांगितलं का नाहीस गं?"

"ती गुणी आहे ना," जुई म्हणाली. एवढं साधं या आजीला कसं कळत नाही, असा तिचा चेहरा होता. "तुम्ही आलात की ती शहाणी होते. तुम्ही गेलात की आम्ही दोघी दुखून घेतो."

तव्यावर काही नव्हतं, तरी ईशानीने गॅस बंद केला.

"दोघी?" कुंदाताईंनी विचारलं. आवाज अगदी सहज ठेवून.

जुईने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, नीट, एखादं चित्र बघावं तसं. मग हसली. "मी मज्जेत."

ईशानी तिच्या खोलीत गेली. पलंगावरची पालथी उशी तिने उलटी केली. अभ्र्यावर पिवळट डाग होते, जुने आणि नवे, एकावर एक.

इंदापूरच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की उजव्या कानाच्या पडद्यामागे पू होऊन पडदा फुटला आहे, आणि तो पहिल्यांदाच फुटलेला नाही. फार दुखलं असणार. त्या कानाने तिला कमी ऐकू येतं, म्हणून मान कलती करते. डावा कान पुढे आणते. औषधांनी पू जाईल. ऐकणं किती परत येईल, ते आता सांगता येत नाही. "घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, नुसतं लिहून घ्यायला.

घरात एक बाई होती जिच्या लक्षात सगळं येत असे. ती म्हणाली, "नाही आलं."

त्यानंतरचे काही दिवस ईशानीच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. अबोली आणि जुई महिन्याच्या अंतराने जन्मलेल्या. पागेत ताटल्या होत्या, बीजं होती, कुंदाताईंची नाना रसायनं होती, आणि पोटुशी असताना ती तिथे रोज जात होती. शाळेत शिकलेलं विज्ञान तिला सांगत होतं की असं काही होत नसतं. तरी तिने फोन केला.

"ताई, नजरझाकीची जनुकं माणसातही असतात का?"

"त्यांची भावंडं असतात. का?"

"जुईची तपासा."

कुंदाताई नको म्हणाल्या. दुसऱ्यांदाही नको म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्यांनी कापसाची काडी पाठवली. ईशानीने जुईच्या गालाच्या आतून ती फिरवली. जुईने आ केला, शहाण्यासारखा.

उत्तर द्यायला कुंदाताई स्वतः आल्या. दोघी कुरणाच्या कडेने चालत राहिल्या. पाणी ओसरलं होतं, रोहित पक्षी पुढे सरकले होते.

"काही नाही," कुंदाताई म्हणाल्या. "सगळं जागच्या जागी आहे. तुझ्या मुलीची सांगायची तार चांगली जाडजूड आहे. भोकाड पसरायला जे जे लागतं ते सगळं देवाने दिलंय."

ईशानी थांबली. सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला आत कुठेतरी पायरी चुकल्यासारखं झालं, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती उलट उत्तराची वाट बघत होती. जनुकं असती तर बरं झालं असतं. जनुकांना कुणी जबाबदार नसतं.

"मग ती का लपवते?"

"तू तिला मार्क कशाचे देतेस?"

 ईशानीला दोन वर्षांपूर्वीची सुई आठवली. जुई रडली नव्हती, तर दवाखान्यातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि घरी येताना आइस्क्रीम, आणि संध्याकाळी माहेरी फोन: रडली सुद्धा नाही गं, इतकी शहाणी. मग त्याआधीची एक दुपार आठवली. जुई जिन्यावरून पडली, हनुवटी फुटली आणि आकांताने ओरडली. ते रक्त बघून ईशानीच खाली बसली होती, थरथरत, हुंदके देत. आणि रक्ताळलेल्या हनुवटीची ती एवढीशी पोर रडणं थांबवून आईच्या पाठीवर थोपटत होती.

"पण मी वाघ नाही, ताई," ती शेवटी म्हणाली. "मी तिच्यावर जीव टाकते. दिवसभर माझं लक्ष तिच्यावर असतं."

"हो ना. दिवसभर रिंगणात आहे ती." कुंदाताईंनी तिचा हात धरला, पण बोलणं आवरलं नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. "घोडी झाकते कारण तिला वाटतं हे मला खातील. ही झाकते कारण तिला वाटतं आई मोडेल. घोड्यात हे आणायला आम्हाला तेवीस पिढ्या लागल्या, ईशानी. माणसाच्या पोरीत चार वर्षांत येतं. ताटलीसुद्धा लागत नाही."

त्या आठवड्यात अबोलीच्या पुढच्या पिढीचा बाप ठरला. पागेच्या टोकाला कोतवाल नावाचा म्हातारा भीमथडी घोडा होता, सासऱ्यांचा लाडका. त्याच्या पाठीवर माशी बसली तरी अख्ख्या पागेला कळे. जीन चढवताना दात वाजवी, खूर साफ करताना शेपटीचे फटके देई, चारा उशिरा आला तर बादली लाथाडी. तरुणपणी रिंगणात उतरला तेव्हा पंचांनी त्याच्या मार्कांची चाळण केली होती.

"कोतवाल?" सत्यजित म्हणाला. "त्याचं पोर रिंगणात आणलं तर पंच उठून जातील."

"जाऊ देत."

"ताई, तुम्ही तरी सांगा."

"एका बापाने काही होत नाही," कुंदाताई म्हणाल्या. "तेवीस पिढ्यांनी पुसलेलं एकदम परत लिहिता येत नाही. पण शेपूट हलेल. तेवढं तरी हलेल."

सत्यजितने पागेकडे पाहिलं. अबोली कान पुढे करून चौरस उभी होती, कारण तिघं तिच्याकडे बघत होते. त्याने तोंड वळवलं. "द्या कोतवाल," तो म्हणाला. अबोलीचा गर्भ दुसऱ्या घोडीच्या पोटात वाढणार होता. त्या पायावर आता आणखी भार नको, हे त्यानेच सुचवलं.

शिंगराला वेळ आहे. जुईचं काय करायचं, ते कौलाला विचारता येत नव्हतं. लपून बघायचा ईशानीने एक दिवस प्रयत्न केला, दाराच्या फटीतून. आणि आपण आता मुलीच्या पाठीमागेही रिंगण घालतो आहोत, हे कळून तिची तिलाच लाज वाटली. मग एका दुपारी ती अबोलीच्या ठाणात गेली. जुई पेंढ्यात बसली होती. ईशानी तिच्याकडे पाठ करून, तिच्या पाठीला पाठ टेकवून बसली. काही विचारलं नाही. बाहेर कोतवाल कशावरून तरी बादली बडवत होता.

"माझं आज डोकं दुखतंय," बऱ्याच वेळाने ईशानी म्हणाली. समोरच्या भिंतीला सांगावं तसं. "जरासं. होईल बरं."

मागे काही आवाज नाही. पेंढा सळसळला, अबोलीचा पाय पुढे आला असावा. तिने वळून पाहिलं नाही. कधी काही इतकं अवघड केल्याचं तिला आठवत नव्हतं.

"माझा पण," तिच्या पाठीमागून जुई म्हणाली. "कान."

ईशानी वळली नाही. "हं," म्हणाली. डोळे पुसायला हातही वर नेला नाही, कारण पाठीला ते कळलं असतं.

अबोलीच्या घराण्यातले घोडे ज्यांनी ज्यांनी नेले, त्या प्रत्येकाला आता ईशानी स्वतः फोन करून सांगते, की न दिसता जाऊन बघा. आणि ही गोष्ट इथवर वाचणाऱ्यांकडे तिचं एक मागणं आहे. तुमच्याही घरात कुणीतरी असेल. ज्याचं कधी काही नसतं, ज्याचं सगळे कौतुक करतात, ज्याच्याकडे बघून तुम्हाला बरं वाटतं. लेक असेल, आई असेल, नवरा असेल. हे मिटून ठेवलंत की त्याच्याकडे जा. समोर उभे राहू नका, शेजारी बसा, दुसरीकडे बघत. आणि बरं आहे ना, असं तेवढं विचारू नका. त्याचं उत्तर त्यांना पाठ असतं.